घर किरायाने देणे आहे

पुण्या-मुंबईकडे घर भाड्याने देतात, आपल्याकडे किरायाने. शब्द वेगळा, तसा 31 मार्च 2000 पर्यंत आपला कायदाही वेगळा होता. त्या दिवशी महाराष्ट्रभर नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. आपल्या सोसायटीची आणि त्या कायद्याची पंचवीस वर्षं जवळपास सोबतच भरली, म्हणून स्मरणिकेत हा विषय घेतला. शिवाय आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं नागपूर-पुण्याला स्थायिक झाली आहेत. वरचा मजला किंवा अख्खं घर रिकामं ठेवायचं की द्यायचं, हा प्रश्न आता घरोघरी आहे.

यवतमाळ वाढलं ते कचेरी आणि कापसावर. मूर्तिजापूरहून आपली छोटी गाडी सुरू झाली, 1905 मध्ये वणी जिल्ह्याचं नाव यवतमाळ जिल्हा झालं. गावात कायम दोन प्रकारची माणसं खोली शोधत येत. एक कापसाच्या हंगामापुरती, दुसरी बदलीच्या हुकमावर.

जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडात 1946 साली घरं किरायाने देण्याचं नियमन करणारा कायदा आला आणि त्याखाली 1949 चा आदेश निघाला. दुसरं महायुद्ध संपलं होतं, फाळणीचे निर्वासित येत होते, शहरांत घरांची टंचाई होती. त्या आदेशातली एक तरतूद आजच्या पोरांना खरी वाटणार नाही. जिथे ती लागू होती, तिथे घर रिकामं होणार हे कळल्यावर मालकाने सात दिवसांत कचेरीत कळवायचं. मग पंधरा दिवसांत साहेब सांगू शकत, की हे घर अमुक सरकारी नोकराला किंवा तमुक निर्वासिताला द्या. रंगरंगोटी कर, चार लोकांना सांगून ठेव, ही भानगडच नाही!

दुसरी तरतूद मालकांच्या मनात जास्त खोल बसली. किरायदार काढायचा तर आधी रेंट कंट्रोलरची परवानगी घ्या, मग नोटीस द्या, मग दिवाणी दावा लावा. एका घरासाठी दोन-दोन लढाया. विदर्भ 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, तरी हा आदेश तसाच चालू राहिला. मुंबईकडे 1947 चा कायदा, मराठवाड्यात हैदराबादचा 1954 चा, आणि आपल्याकडे हा. एका राज्यात चाळीस वर्षं तीन कायदे नांदले.

त्यातून आपल्या गावच्या मालकाने स्वतःचा उपाय काढला, तो म्हणजे बदलीवाला किरायदार. तहसील, बँक, पाटबंधारे, जिल्हा परिषद, कुठलाही चालेल, पण बाहेरगावचा हवा. तीन-चार वर्षांनी सरकारच त्याला उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेणार, आपल्याला कोर्टाची पायरी चढायला नको. स्थानिक माणसाला घर देताना मात्र मालक दहादा विचार करी. गावातलीच विधवा बाई, सायकल दुकानवाला, मजूर कुटुंब यांना "घर द्यायचं नाही आमाले" असं उत्तर मिळे आणि दाराला कुलूप तसंच राही. कायदा केला होता गरीब किरायदाराला वाचवायला. त्याच्याच वाट्याला घर येईना.

कायद्याच्या भीतीआड आणखी एक गोष्ट लपत असे, आणि स्मरणिका असली तरी ती लिहायलाच पाहिजे. नाव सांगितलं की पुढचा प्रश्न आडनावाचा. 1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशात शिकून बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी म्हणून नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले आणि अकराव्या दिवशी तिथूनही निघावं लागलं. शंभर वर्षांनंतर आपल्या गावात तो प्रश्न बंद झाला आहे, असं छातीठोकपणे कोण म्हणेल? आता फोनवर विचारतात, एवढाच फरक.

1989 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, 1996 मध्ये अभियांत्रिकी. किरायदाराचं रूप बदललं. शिकणारी पोरं-पोरी, इंटर्न डॉक्टर, परिचारिका. एका खोलीत दोन कॉट, एक टेबल आणि स्वतंत्र न्हाणी एवढं दिलं की जून-जुलैत खोली लागते. सरकारी बदल्यांचंही तसंच. 2005 च्या कायद्याने बदल्या साधारणपणे एप्रिल-मे महिन्यांत करायचं ठरवलं. म्हणून ज्याला घर लवकर द्यायचं असेल त्याने रंग-चुना, गळती, फिटिंग हे सगळं मार्च-एप्रिलमध्ये उरकावं. दिवाळीत रंगवलेलं घर दिसतं छान, पण तेव्हा घेणारा कमी.

रंगाआधी पाण्याकडे बघा. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह तळाला गेले, नळ पंधरा-पंधरा दिवस येत नव्हता आणि गाव टँकरमागे धावत होतं. बेंबळ्यावरून पाणी आणायचं काम हाती घेतलं गेलं, पण तो उन्हाळा लोक विसरले नाहीत. घर बघायला आलेली बाई आजही स्वयंपाकघराच्या आधी टाकी किती लिटरची आणि बोअरला मे महिन्यात पाणी असतं का, हे विचारते. मोठी टाकी बसवलेलं साधं घर इथे संगमरवरी फरशीच्या घराआधी जातं.

किराया ठरवताना आपण हमखास बांधकामाचा खर्च मोजतो. किरायदार मोजतो पगार. घरभाडे भत्त्यात यवतमाळ सर्वांत खालच्या गटात आहे. सातव्या वेतन आयोगात हा भत्ता मूळ पगाराच्या 8 टक्क्यांपासून सुरू झाला. म्हणजे 50,000 मूळ पगारावर 4,000 रुपये. त्याच्या वरचं तो खिशातून देणार. आता हिशोब बघा. 8,000 मागून घर तीन महिने बंद राहिलं तर वर्षाचे 72,000 आले. 7,000 ला लगेच गेलं तर 84,000. वर बंद घराला वाळवी, उंदीर आणि गंजलेले नळ आहेतच. तरी आपल्याकडे "शेजाऱ्याले आठ भेटते, मी सात काऊन घेऊ?" यावर गाडी अडते.

कागदाचं काय? अकरा महिन्यांचा करार ही 1908 च्या नोंदणी कायद्यामुळे लागलेली सवय. एक वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून एक महिना कमी. नव्या कायद्याच्या कलम 55 ने ती पळवाट बंद केली. करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि जबाबदारी मालकाची. नुसती नोटरी करून ठेवली आणि वाद झाला, तर अटींबद्दल किरायदाराचं म्हणणं आधी खरं धरलं जातं. दंड 5,000 पर्यंत, कैद तीन महिन्यांपर्यंत. उलट लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला असेल, तर मुदत संपल्यावर घर परत मिळवायला कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि घर न सोडणाऱ्याला दुप्पट किराया लागतो. मुद्रांक शुल्क एकूण किरायाच्या पाव टक्का, अनामत असेल तर थोडं वर. एवढ्याशा पैशासाठी लोक नोंदणी टाळतात, मग दहा वर्षं घर देतच नाहीत.

सोसायटीचं म्हणाल तर, किरायदार ठेवणाऱ्या सभासदाकडून वाटेल तेवढे पैसे घ्यायची काही ठिकाणची पद्धत 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाने मोडली. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. 2014 च्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला सोसायटीची आगाऊ परवानगीही लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. पोलीस ठाण्यात किरायदाराची माहिती मालकाने द्यायची. "फक्त फॅमिली" अशी पाटी लावायची की दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या दोघी परिचारिकांना खोली द्यायची, हे मात्र कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही. एप्रिल-मे मध्ये फोन यायला लागले की ते ज्याचं त्याने ठरवायचं.