पत्नीने सांगावे की सांगू नये? – सन १६७८ मधील एक वाचकविवाद

सन १६७८ च्या एप्रिल महिन्यात पॅरिसहून निघणाऱ्या ‘मर्क्यूर गालाँ’ या नियतकालिकाने आपल्या वाचकांपुढे एक प्रश्न ठेवला. एक सद्गुणी विवाहिता आहे. तिचा पती सर्वार्थाने सज्जन असून तिच्या मनात त्याच्याविषयी पूर्ण आदर आहे. परंतु तिचे मन मात्र दुसऱ्याच एका पुरुषाकडे ओढले गेले आहे. या ओढीशी ती परोपरीने झुंजत आहे. त्या पुरुषाची दृष्टभेटही होऊ नये म्हणून तिला दूर जाऊन राहावयाचे आहे, आणि खरे कारण सांगितल्यावाचून पती तशी संमती देणार नाही. अशा स्त्रीने पतीपाशी मन उघडे करावे, की मौन पाळून आपली झुंज एकटीनेच चालवावी?

कालमानाची कल्पना यावी म्हणून सांगतो : त्या वर्षी वसईच्या कोटावर पोर्तुगीजांचे निशाण होते, आणि मराठी भाषेत छापील नियतकालिक निघावयास अद्याप दीड शतकाचा अवधी होता. ‘मर्क्यूर गालाँ’चे संपादक दोनो द व्हिझे यांनी हे पत्र १६७२ मध्ये सुरू केले होते. १६७८ पासून त्यांनी मासिकाला जोडून एक त्रैमासिक पुरवणी काढली आणि तीत वाचकांच्या पत्रांना मोकळी जागा दिली. वरील प्रश्नावर त्यांना आलेल्या उत्तरांनी पुरवणीच्या पुढील अंकांची कितीतरी पृष्ठे व्यापली. ती वाचून कोणत्याही त्रैमासिकाच्या संपादकाला हेवा वाटावा.

प्रश्न काल्पनिक असला, तरी तो आकाशातून पडलेला नव्हता. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात क्लोद बार्बँ या पॅरिसच्या प्रकाशकाने ‘ला प्रँसेस द क्लेव्ह’, म्हणजे ‘क्लेव्हची राजकुमारवधू’, ही कादंबरी चार छोट्या भागांत प्रसिद्ध केली होती. तीवर लेखकाचे नाव नव्हते. तोवर फ्रेंच वाचकांच्या हाती पडत असत त्या दहा-दहा खंडांच्या अजस्र प्रेमकथा. मादमोआझेल द स्क्युदेरी यांच्या दोन प्रसिद्ध कादंबऱ्या प्रत्येकी दहा खंडांच्या आहेत. त्यांच्या तुलनेत हे नवे पुस्तक हलकेफुलके, दोन-चार बैठकांत संपणारे, प्रवासात सोबत नेण्याजोगे होते. करमणुकीची वस्तू म्हणूनच लोकांनी ते हाती घेतले, आणि वाचून झाल्यावर भांडू लागले.

लेखिका होत्या मादाम द लाफायेत (१६३४–१६९३). त्यांचा विवाह १६५५ मध्ये झाला. दोन पुत्र झाले. पुढे पती बहुतांशी ओव्हेर्न्य प्रांतातील आपल्या जमीनजुमल्यावर राहिले व त्या पॅरिसमध्ये. नीतिसूत्रांचे कर्ते ला रोशफुको हे त्यांचे जिवलग स्नेही. पुस्तक आपले आहे हे त्यांनी कबूल केले नाहीच, उलट प्रकाशनानंतर महिन्याभरातच एका पत्रात आपला त्याच्याशी संबंध नसल्याचे कळवून त्याच पत्रात पुस्तकाची भलामणही केली!

आता कथेकडे वळू. काळ १५५८–५९, राजा दुसरा हेन्री याच्या दरबाराचा. सोळा वर्षांची एक खानदानी कन्या आईसमवेत दरबारी येते. आईने तिला इतर मातांप्रमाणे प्रेम या विषयापासून अनभिज्ञ ठेवलेले नाही; त्यातील गोडी व धोका दोन्ही समजावून सांगितले आहेत. क्लेव्हचा राजकुमार तिला मागणी घालतो. मुलीच्या मनात त्याच्याविषयी विशेष ओढ नाही, पण नावडही नाही. तो भला आहे, स्थळ उत्तम आहे. विवाह होतो. त्यानंतर एका नृत्यसमारंभात नमूरचा ड्यूक तिच्या दृष्टीस पडतो, आणि ज्या भावनेचे तिला केवळ नाव ठाऊक होते ती तिच्या अनुभवास येते. मरणशय्येवरील आई हे ओळखते व बजावते : दरबार सोड, पतीला सांग, मला येथून दूर ने.

पुढे कुलोम्ये येथील बागेत, पती पुनःपुन्हा विचारतो की तुला दरबारात परत येणे नको का वाटते, तेव्हा ती त्याच्या पाया पडून सांगते की माझे वर्तन निष्कलंक आहे, परंतु दरबारापासून दूर राहण्यास मला कारण आहे. माझ्यावर दया करा आणि मला सावरा. नाव मात्र ती सांगत नाही. याच वेळी नमूर त्याच बागेत लपून हे सारे ऐकत असतो.

या एका प्रसंगावर फ्रान्स दुभंगला. ब्युसी-राब्युतँ हे सरदार दरबारातील भानगडींवर एक पुस्तक लिहिल्यापायी बास्तीयच्या तुरुंगात पडून पुढे बर्गंडीतील आपल्या वाड्यात हद्दपारीचे जिणे जगत होते. त्यांनी २६ जून १६७८ रोजी आपल्या चुलतबहिणीला, मादाम द सेव्हिन्ये यांना, पत्र लिहून कळविले की पहिला भाग अप्रतिम आहे, पण पतीपाशी दिलेली ही कबुली निव्वळ अतिरेकी आहे. खऱ्या घडलेल्या हकिकतीत ती खपेल, रचलेल्या कथेत नाही. स्वतः दुसऱ्यांची गुपिते लिहून शिक्षा भोगलेल्या माणसाने एका स्त्रीने स्वतःचे गुपित सांगण्याला नाक मुरडावे, यातील गंमत त्यांच्या ध्यानी आली असेल असे आम्हांस वाटत नाही. मादाम द सेव्हिन्ये यांनी मार्च महिन्यात पुस्तकाची तोंड भरून स्तुती केली होती. लेखिका तर त्यांची जिवाभावाची मैत्रीण. तरीही त्यांनी भावाच्या मताला दुजोरा दिला. या बाईंचा पती १६५१ मध्ये एका परस्त्रीवरून झालेल्या द्वंद्वयुद्धात ठार झाला होता. पती-पत्नींमधील सत्य या विषयावर त्यांच्या मनात काय असेल ते पत्रातून कळत नाही.

‘मर्क्यूर’कडे आलेली बहुसंख्य उत्तरेही नकारात्मक होती. काही एकेकट्याची, काही गावोगावच्या मित्रमंडळांनी मिळून लिहिलेली, कित्येकांच्या खाली टोपणनावे. सूर साधारण एकच : पत्नीने गप्प राहावे. पतीची मनःशांती एकदा ढळली की ती परत येत नाही. मत्सराला एकदा दार उघडले की तो घर सोडत नाही. जे घडलेच नाही ते सांगून घडल्यासारखे का करावे? आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्या मंडळींना या युक्तिवादात ओळखीचा स्वर ऐकू येईल.

विरुद्ध बाजूने बोलणारा जो आवाज इतिहासात टिकला, तो एका एकवीस वर्षांच्या तरुणाचा. मे महिन्याच्या अंकात गियेन प्रांतातील एक भूमितिज्ञ असे टोपणनाव घेऊन त्याने लिहिले की आपण पुस्तक चार वेळा वाचले असून कबुलीचा प्रसंग आपल्याला अतिशय सुंदर वाटतो. हा तरुण म्हणजे पुढे तत्त्वचिंतक म्हणून ख्यातनाम झालेला फोंतनेल. त्याच वर्षी व्हालँकूर याने कादंबरीची चिरफाड करणारे तीन पत्रांचे पुस्तक काढले. ते येशूसंघीय फादर बुऊर यांचे असावे असा प्रवाद बरीच वर्षे होता. त्याला आबे द शार्न या धर्मगुरूने १६७९ मध्ये पुस्तकानेच उत्तर दिले. एका छोट्या कादंबरीपायी वर्षभरात दोन टीकाग्रंथ!

या वाचकांना निष्ठुर ठरविण्याआधी त्यांचा विवाह कोणत्या पायावर उभा होता ते पाहिले पाहिजे. कादंबरीतील त्याच दुसऱ्या हेन्री राजाने १५५६ मध्ये फर्मान काढले होते : तिशीच्या आतील पुत्राने व पंचविशीच्या आतील कन्येने आईबापांच्या संमतीवाचून लग्न केल्यास त्यांना वारशातून वगळता येईल. पुढे ट्रेंटच्या धर्मपरिषदेत असे विवाह रद्दबातलच ठरवावेत असा फ्रान्सचा आग्रह होता. परिषदेने १५६३ मध्ये तो मानला नाही. विवाह धर्मग्रामाच्या धर्मगुरूसमोर व साक्षीदारांसमोर व्हावा असा दंडक तिने घातला, परंतु त्याचा प्राण वधूवरांची स्वतःची संमती हाच राहिला. ख्रिस्तसभेने वधूच्या होकाराला असे मोल दिले खरे. पण सरदारांच्या घरात तो होकार आईवडील, जमिनी आणि दरबार यांच्या हिशेबानेच घडत असे. ज्या विवाहात मनांचा प्रश्नच कोणी विचारला नाही, त्यात पत्नीने एके दिवशी अचानक मनाविषयी बोलावे, हे त्या समाजाला अश्लाघ्य वाटले तर नवल नाही.

आम्हांस मात्र दुसरीच गोष्ट अधिक नवलाची वाटते. कॅथलिक दरबारातील कॅथलिक स्त्री एवढ्या कसोटीतून जात असता तिला कुमसाराची आठवण होत नाही! १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करणे प्रत्येकावर बंधनकारक होते. संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ मध्ये संसारी माणसांसाठी लिहिलेला भक्तिमार्गदर्शक ग्रंथ फ्रान्समध्ये घरोघरी गेला होता. मोहाच्या प्रसंगी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकापाशी मन मोकळे करणे हा थोर उपाय, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. नीतिशास्त्राचा साधा पाठही असा की मोह म्हणजे पाप नव्हे; संमती दिली तर पाप. म्हणजे काटेकोर पाहता या राजकुमारवधूला पापनिवेदन करण्यासारखे फारसे काही नव्हतेच. तिला क्षमा नको होती, हात हवा होता; आणि दरबार सोडण्यासाठी लागणारा हात पतीचाच होता. धर्मगुरू तिला आशीर्वाद देऊ शकला असता, गावी नेऊ शकला नसता. याच संतांनी विवाहितांना उद्देशून असेही लिहिले आहे की प्रेम व निष्ठा एकत्र नांदली की त्यांतून विश्वास जन्मतो. तिने तो विश्वास गृहीत धरला.

त्याचे पुढे काय झाले? आमच्या मते ‘मर्क्यूर’च्या वाचकांचे लक्ष इथेच चुकले. त्यांनी पत्नीच्या तोंडावर खल केला, पतीच्या कानांविषयी कोणी विचारले नाही. कबुली ऐकताना क्लेव्हचा राजकुमार उदात्तच वागतो. पण त्याच बैठकीत तो नाव विचारू लागतो. ती सांगत नाही, तेव्हा काही दिवसांनी नमूर आपल्यासमवेत प्रवासाला येणार आहे असे खोटेच सांगून तिच्या चेहऱ्यावरून तो नाव काढून घेतो. इकडे नमूर ऐकलेली हकिकत नावे गाळून एका मित्राला सांगतो, ती दरबारभर होते, आणि पती-पत्नी एकमेकांना दोष देतात की हे बाहेर फोडले ते तूच. अखेरीस पती तिच्यावर हेर ठेवतो. हेर परत येऊन सांगतो की नमूर दोन रात्री तिच्या बागेत शिरला. तो खरोखर शिरला होता. पण त्याची तिच्याशी गाठ पडली नव्हती, बोलणे झाले नव्हते. पतीने पुढचे विचारलेच नाही. तो तापाने अंथरुणाला खिळला.

ज्याला आपण संशय म्हणतो तो अज्ञानातून येतो असा समज आहे. या पतीला सत्य ठाऊक होते. ते पत्नीच्या तोंडून, अश्रूंसह, त्याला मिळाले होते. त्याला ते पुरले नाही, त्यास पुरावा हवा होता, आणि पुरावा गोळा करावयास निघाल्यावर मिळालेले सत्यही हातचे गेले. मृत्युशय्येवर तो तिला विचारतो की इतर अनेक पतींप्रमाणे मलाही शांत आंधळेपणात का राहू दिले नाहीस? ‘मर्क्यूर’च्या बहुसंख्य वाचकांचे मतही नेमके हेच होते. ती त्याला सर्व उलगडून सांगते, तेव्हा त्याचा विश्वास बसतो, पण तोवर फार उशीर झालेला असतो.

एकविसाव्या शतकात या पुस्तकाने फ्रान्समध्ये पुन्हा एकवार कलह माजविला. सरकारी कारकुनी सेवेच्या परीक्षेत या कादंबरीवर प्रश्न विचारल्याची २००६ मध्ये निकोला सार्कोझी यांनी जाहीर थट्टा केली. ते राष्ट्राध्यक्ष असताना, २००९ मध्ये, लोकांनी निषेध म्हणून चौकाचौकांत ती मोठ्याने वाचली. यावेळी भांडण विवाहाविषयी नव्हते, एवढेच इथे नोंदवितो.

पतीच्या निधनानंतर नमूर तिला मागणी घालतो. आता आडकाठी कोणतीच नाही, हे तीही जाणते. आपले प्रेम आहे हेही ती त्याला तोंडावर सांगते, आणि नकार देते. पतीच्या मृत्यूला हाच माणूस कारण झाला हे एक, आणि विवाहानंतर याचे प्रेम टिकेल याची तिला खात्री नाही हे दुसरे. ब्युसी-राब्युतँना हा शेवटही पटला नाही. प्रेम आणि सद्गुण यांची सांगड घालण्याची अशी संधी कोणती स्त्री दवडील, असे त्यांनी त्याच पत्रात विचारले आहे. त्यांनी कादंबरी लिहिली असती तर लग्नाने संपविली असती. मादाम द लाफायेत यांची नायिका वर्षाचा काही भाग मठात व काही आपल्या घरी एकांतात काढते, आणि तिचे आयुष्यही फार लांबत नाही.