इथे चालते, तिथे का थांबते?

आजचा विषय वरवर पाहता कारागिराच्या दुकानातला वाटेल. संगणकावरची एखादी आज्ञावली, म्हणजे रोजच्या भाषेत प्रोग्राम, कर्त्याच्या यंत्रावर महिनोन्महिने बिनतक्रार चालतो. तोच दुसऱ्या यंत्रावर बसविला की उघडताक्षणी बंद पडतो. दुकानाचे खाते, पतसंस्थेचे हिशेब, शाळेचे दाखले आता याच यंत्रांत असल्यामुळे ही अडचण केवळ तंत्रज्ञांची राहिलेली नाही. अशा वेळी कर्ता म्हणतो, “माझ्याकडे तर चालतो”, आणि दोष येतो तो चालविणाऱ्याच्या माथी. हा न्याय योग्य आहे काय, हे इतिहासालाच विचारून पाहू.

या प्रश्नाचे मर्म जाणण्यास उमरेडकरांना फार दूर जावे लागत नाही. आपल्या गावावरून जाणारा नागपूर–नागभीड रेल्वेमार्ग १९०८ साली सुरू झाला आणि २०१९ साली रूपांतरासाठी बंद होईपर्यंत तो अरुंदच राहिला. त्याच्या दोन रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर. देशातील रुंद मार्गाचे १६७६. मोठ्या मार्गावरचा उत्तमातला उत्तम डबाही इथे हातभर पुढे सरकला नसता. माल उतरवून दुसऱ्या गाडीतच भरावा लागे. दोष डब्यात नव्हता, रुळांतही नव्हता. जे रूळ तिकडे होते तेच इकडेही असतील, असे कोणी धरून चालला असता तर त्या समजुतीत दोष होता. रुळांचा फरक निदान डोळ्यांना दिसतो. संगणकाचे रूळ दिसत नाहीत, एवढाच काय तो भेद.

आपल्या देशात हा भेद फार लवकर प्रत्ययास आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कामास लागला. त्याच संस्थेत १९६४ साली अमेरिकेहून ‘सीडीसी ३६००’ हे यंत्र आले. पहिले यंत्र एका वेळी ४० द्विमान अंकांचा शब्द हाताळी, दुसरे ४८ अंकांचा. आज्ञांचे संकेतही निराळे. संस्था एकच, पण टिफ्रॅकच्या संकेतांत लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या यंत्राच्या लेखी निरर्थक होती. यावर उपाय निघाला तो भाषेचा. १९५७ साली आलेल्या फोरट्रॅनसारख्या भाषेत काम लिहावे आणि प्रत्येक यंत्राने ते आपापल्या संकेतांत उतरवून घ्यावे, अशी ही युक्ती.

एक भेद कमी झाला, तो दुसरा उभा राहिला. विंडोजच्या काळात मेजावरची यंत्रे स्वस्त झाली, पण त्यांतील जागा अपुरी होती. म्हणून अनेक प्रोग्रामांना लागणारी सामाईक कामे वेगळ्या फाइलींत ठेवण्याची रीत पडली. त्यांना ‘डीएलएल’ म्हणतात. गावात लग्नकार्यासाठी सामाईक भांडी असावीत, तशीच ही व्यवस्था. परंतु एकाने मोठे पातेले नेऊन त्या जागी लहान आणून ठेवले, तर पुढच्या कार्यात पंगत अर्धी उपाशी राहते. १९९० नंतरच्या दशकात नेमके हेच घडू लागले. नवा प्रोग्राम बसविताना तो सामाईक फाइल बदलून टाकी, आणि जुना प्रोग्राम कोसळे. २००० सालच्या विंडोजने आपल्या मूळ फाइलींवर पहारा बसविला. २००१ च्या ‘एक्सपी’ने एकाच फाइलीच्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी नांदविण्याची सोय केली. तरीही जी फाइल नव्या यंत्रावर मुळात नेलीच नाही, तिला पहारेकरी कोठून आणणार?

मराठी लिहिणाऱ्यांनी याच दुखण्याचा दुसरा प्रकार सोसला. त्या दशकात प्रत्येक फाँटने अक्षरांना आपापले क्रमांक दिले होते. एका यंत्रावरचा सुबक मजकूर, तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडताच रोमन चिन्हांचा कचरा दिसे. ‘युनिकोड’ने १९९१ पासून देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला जगभर एकच क्रमांक दिला, तो सर्वत्र रुळू लागला तेव्हा कोठे हा जाच कमी झाला.

हे केवळ लहानांच्या वाट्याला येते असे मात्र नव्हे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे ‘आरियान ५’ हे अग्निबाण-यान पहिल्याच उड्डाणात सुमारे ३७ सेकंदांनी भरकटले आणि नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक संगणकातील आज्ञावली ‘आरियान ४’ वर निर्धोक चाललेली होती. नव्या यानाचा आडवा वेग अधिक होता. तो दर्शविणारी संख्या ३२,७६७ च्या पलीकडे गेली, आणि तेवढीच जागा ठेवलेली आज्ञावली थांबली. राखीव संगणकही होता. पण त्यातही तीच आज्ञावली असल्यामुळे तोही त्याच कारणाने बंद पडला होता.

या सर्व कथांचे तात्पर्य एकच. प्रोग्राम एकटा कधीच चालत नाही. तो जन्मस्थानाच्या यंत्राकडून पुष्कळ गोष्टी मुकाट्याने उसन्या घेतो, आणि कर्त्याला त्या उसनवारीचा विसर पडतो. म्हणून निदानाचा मार्गही इतिहासच दाखवितो. पडद्यावरचा दोषसंदेश शब्दशः उतरून घ्यावा. विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ या नोंदवहीत प्रोग्राम कोणत्या फाइलीपाशी कोसळला ते पाहावे. मग दोन्ही यंत्रे ताडून पाहावीत: विंडोजची आवृत्ती, ३२ की ६४ बिटांची घडण, साहाय्यक फाइली, फोल्डरचे ठिकाण, लिहिण्याची परवानगी, तारखेची पद्धत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सारे पुसून पुन्हा बसविल्याने कधी काम चालू होते, पण कारण कळत नाही.

तारखेचा उल्लेख मी मुद्दाम केला. अमेरिकन पद्धतीत महिना आधी, आपल्याकडे दिवस आधी. आपली तारीख त्या पद्धतीने वाचणारा प्रोग्राम १३ तारखेला अडखळेल, कारण तेरावा महिना नाही. पण ५ एप्रिल तो ४ मे म्हणून निमूटपणे वाचील, आणि व्याजाचा हिशेब चुकेल. बंद पडणारा प्रोग्राम परवडला. तो निदान ओरडून सांगतो. गप्प राहून चुकणारा कोणाच्या तरी ठेवीला हात घालतो.

तेव्हा शहरातील नव्या यंत्रावर घडलेला प्रोग्राम तालुक्याच्या जुन्या यंत्रावर थांबला, तर चालविणाऱ्याने खाली मान घालण्याचे कारण नाही. कर्त्याने तो कोऱ्या यंत्रावर, जिथे त्याची स्वतःची हत्यारे नाहीत तिथे, आधी चालवून पाहिला पाहिजे; आणि त्याला काय काय लागते याची यादी लेखी दिली पाहिजे. ती यादी मागणे हा घेणाऱ्याचा हक्क आहे, आणि पैसे मोजण्यापूर्वीच तो बजावावा.