न वाजणारा बाँब

दिवाळीत बाँब म्हटला की लहान मुले हरखतात आणि वडीलधारी माणसे कानांवर हात ठेवतात. मी ज्या बाँबची कुळकथा आज सांगणार आहे तो मात्र न्हाणीघरात फुटतो, आणि त्याचा आवाज सोडावॉटरच्या पेल्याहून अधिक होत नाही. ‘बाथ बाँब’ हे त्याचे नाव. मुठीएवढा कोरडा गोळा. पाण्यात पडला की फसफसत विरघळतो आणि सुगंध तेवढा मागे ठेवतो.

आमच्या घरच्या मुली हा गोळा घरीच वळतात. दोन वाट्या खाण्याचा सोडा, एक वाटी लिंबूसत्त्व, एक वाटी कॉर्नफ्लोअर, तीन-चार लहान चमचे खोबरेल आणि थोडे अत्तर. पाण्याचा नुसता शिपका द्यायचा, मूठ वळली की घट्ट दाबून दिवसभर वाळवायचे. पाणी जरा जास्त झाले की गोळा परातीतच फसफसू लागतो. म्हणून पावसाळ्यात या उद्योगाच्या वाटेला जाऊ नये. दसऱ्यानंतरची कोरडी हवाच त्याला मानवते.

अशा वस्तूला आपण ‘घरगुती’ म्हणतो. परंतु इतिहासाचा नाद असलेल्या माणसाला हा शब्द सहजासहजी सोडवत नाही.

सोडा आणि आम्ल कोरडे असेपर्यंत शेजारी गुण्यागोविंदाने नांदतात. पाणी आले की त्यांचे बिनसते, आणि त्या भांडणातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठतात. हाच वायू पाण्यात मुरवण्याची युक्ती जोसेफ प्रीस्टली याने १७६७ साली इंग्लंडातील लीड्स येथे, मद्याच्या भट्टीशेजारी राहून शोधली. लिंबाच्या रसातून आम्लाचे स्फटिक वेगळे काढले ते १७८४ साली, स्वीडनमधील कार्ल शेले या औषधविक्याने. पुढे औषधवाल्यांनी या जोडीला कामाला लावले. १९३१ साली अमेरिकेत ‘अल्का-सेल्टझर’ची फसफसणारी गोळी निघाली, ती डोकेदुखीवर आणि पोटाच्या तक्रारीवर. १९८९ साली इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील पूल या गावी मो कॉन्स्टंटाइन या बाईंना ती गोळी पाहून वाटले, पोटात जे चालते ते न्हाणीत का चालू नये? घराच्या बागेतील खोपटात त्यांनी पहिला बाथ बाँब केला.

आता त्या वाटीभर लिंबूसत्त्वाकडे पाहा. त्याच्या नावात लिंबू आहे, पण बाजारातल्या मालात बहुधा लिंबाचा थेंबही नसतो! विसाव्या शतकाच्या आरंभी जगाला हे आम्ल मुख्यत्वे इटलीतून, विशेषतः सिसिलीच्या लिंबांपासून मिळे. १९१७ साली जेम्स करी या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की एक काळी बुरशी साखरेपासून तेच आम्ल भरपूर बनवते. १९१९ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या ‘फायझर’ कारखान्यात ती रीत सुरू झाली. आम्ल स्वस्त झाले, आणि इटलीचा तो जुना व्यापार दहा-पंधरा वर्षांत बसला. आज आपली पोर वाटीने आम्ल मोजते, त्या स्वस्ताईची किंमत कोणा दूरच्या बागाईतदाराने कधीच मोजून ठेवली आहे.

आणि आपले उटणे तरी निव्वळ घरचे कुठे होते? आजीने ते घरी कुटले, वस्त्रगाळ केले हे खरे. पण चंदन दक्षिणेच्या रानातले, वाळा आणि नागरमोथा कोणी वाकून खणून काढलेला, कचोरा काष्ठौषधीच्या दुकानातला. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लासा’त स्नानाचा थाट राजाच्या उपभोगांत मोजला. तो थाट सामान्य घरात उतरला तो अशाच अनेक अनोळखी हातांतून.

मला वाटते, ‘घरगुती’ म्हणजे सारे घरचे असे नव्हे. शेवटचा हात घरच्या माणसाचा असला की पुरे. तो हात कोणासाठी तरी राबतो, म्हणून वस्तूला माया चिकटते. तेव्हा यंदा नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे झाल्यावर नातीने आपला गोळा तुमच्या घंगाळात टाकलाच, तर नाक मुरडू नका. दोन मिनिटे बुडबुडे पाहा आणि मग पहिला तांब्या अंगावर घ्या.