भिंगार ते केडगाव : लष्करी चालकाचा बाजारप्रवेश

नगरच्या नकाशावर भिंगारची छावणी पूर्वेस आहे आणि केडगाव नैर्ऋत्येस, पुण्याच्या रस्त्यावर. (पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे सर्वांना ठाऊक असलेले केडगाव ते दौंड तालुक्यातले, हे निराळे.) छावणीच्या बाजूस रणगाडे, परेड आणि वेळापत्रक, केडगावच्या बाजूस बाह्यवळण रस्ता, शेजारच्या नेप्ती उपबाजारातला कांदा आणि भाड्याची वाट पाहत उभ्या असलेल्या मालमोटारी. मधे जुने शहर. हे अंतर काही किलोमीटरांचेच. परंतु पंधरा-सतरा वर्षे सैन्यात गाडी हाकून चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होणाऱ्या जवानाला ते ओलांडणे सोपे जात नाही. का जात नाही, याचे उत्तर शोधताना थोडे मागे जावे लागते.

ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने नगरची पेठ आणि पाठोपाठ किल्ला घेतला. त्याच्या फौजेला धान्य पुरवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर लमाणांच्या बैलतांड्यांकडे होते. हे तांडे फौजेचे चाकर नव्हते. ते व्यापारी होते. माल स्वतःच्या जोखमीवर आणायचा आणि भाव जमला तर विकायचा, हा त्यांचा शिरस्ता. मराठीत ‘हुंडेकरी’ हा शब्द आहे. ठरीव रकमेत माल पोचवण्याचा मक्ता घेणारा, वाटेतला खर्च आणि जोखीम स्वतःच्या शिरावर वाहणारा, तो हुंडेकरी. त्या काळी बाजारातला वाहतूकदार रणांगणाकडे जात असे. मोटारीच्या युगात ही दिशा उलटली आणि रणांगणावरचा वाहक बाजाराकडे येऊ लागला.

ही उलटापालट दोन महायुद्धांनी घडवली. पहिल्या युद्धानंतर मोटार वाहतूक इतकी वाढली, की रस्त्यांचा प्रश्न अखिल भारतीय पातळीवर हाताळणे सरकारला भाग पडले. १९२७ साली बॅ. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीनुसार पेट्रोलवरील जादा करातून रस्तेनिधी उभा राहिला. दुसऱ्या युद्धाचा परिणाम याहून मोठा होता. १९३९ साली सुमारे दोन लाखांची असलेली हिंदी फौज १९४५ पर्यंत वीस लाखांपलीकडे गेली. खेड्यातून आलेल्या, बैलगाडीपलीकडे वाहन न हाताळलेल्या असंख्य तरुणांच्या हाती या काळात प्रथमच मोटारीचे चाक आले. युद्ध संपले, पलटणी मोडल्या आणि जवान घरोघर परतले. शिल्लक लष्करी ट्रक आणि जीपगाड्या ‘डिस्पोजल’ या नावाने विक्रीस निघाल्या. गाडीला गिऱ्हाईक लगेच मिळाले. चालकाचे काय करायचे, हा प्रश्न मात्र ज्याच्या त्याच्यावर सोपवला गेला.

नगरच्या दृष्टीने १९४८ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी चिलखती दलाच्या विखुरलेल्या प्रशिक्षण संस्था येथे एकत्र येऊन आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभे राहिले. पुढे लष्करी वाहनांचे संशोधन करणारी व्हीआरडीई आणि १९७९ साली स्थापन झालेल्या मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे प्रशिक्षण केंद्र यांमुळे नगर हे लष्करी वाहनविद्येचे गाव झाले. त्याच १९४८ सालच्या १ जूनला राज्य परिवहनाची पहिली एस. टी. पुणे-नगर मार्गावर धावली. तिची वाट केडगाववरूनच होती.

या योगायोगापेक्षा त्यामागचे धोरण अधिक बोलके आहे. प्रवासी वाहतूक हळूहळू सरकारकडे गेली. मालवाहतूक खाजगी हातांत राहिली. सैन्यातून परतलेल्या चालकाला एस. टी. ही ओळखीची वाटण्याजोगी जागा होती. तेथेही खाकी गणवेश, ठरलेली ड्यूटी, गाडी सांभाळणारे आगार आणि महिन्याचा पगार. सरकारी नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी राखीव जागा आल्या त्याही याच धर्तीच्या. ज्याला तेथे जागा मिळाली नाही, किंवा ज्याला स्वतःचा धंदा करावयाचा होता, त्याच्यापुढे मालमोटार उरली. आणि तेथे ओळखीचे असे फक्त चाक होते.

ते चाकही फारसे परके नव्हते. जबलपुरास १९५९ पासून बनू लागलेला लष्कराचा ‘शक्तिमान’ मान या जर्मन कंपनीच्या आराखड्यावरचा. जमशेदपुरास १९५४ पासून निघू लागलेला टाटांचा ट्रक डाइमलर-बेंझच्या सहकार्याचा. यंत्रदृष्ट्या दोघे दूरचे भाऊबंदच.

कायदाही हे मान्य करतो, पण अर्धेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८ नुसार संरक्षणाच्या सरकारी कामासाठी असलेल्या वाहनांकरिता वेगळा परवाना दिला जातो, आणि ते काम कोणत्याही व्यापारी उद्योगाशी निगडित नसावे, अशी स्पष्ट अट आहे. हा परवाना त्या वाहनांपलीकडे चालत नाही. कलम ९ मात्र असा परवाना असलेल्याला त्याच वर्गाच्या वाहनासाठी चाचणीतून सूट देते. इथवर ठीक. परंतु अर्ज मालवाहू किंवा प्रवासी भाड्याच्या वाहनाचा असेल, तर तेच कलम चालक प्रशिक्षण संस्थेचा दाखला मागते. हिमालयातल्या घाटांत ताफा नेणाऱ्याने मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा कागद आणावा, यातला विनोद उघड आहे. अमेरिकेने २०११ साली वेगळी वाट धरली. अवजड लष्करी वाहन चालवण्याचा दोन वर्षांचा अनुभव आणि स्वच्छ नोंद असलेल्यास व्यापारी परवान्याची प्रत्यक्ष चालवण्याची चाचणी माफ करण्याची मुभा तेथील राज्यांना देण्यात आली.

तरीही कागद हा अडचणीचा लहान भाग आहे, असे मला वाटते. ‘व्यापारी उद्योगाशी निगडित नसावे’ या शब्दांत कायद्याने नकळत मूळ भेदावरच बोट ठेवले आहे. सैन्यात गाडी कोठे जायची, कधी निघायची, कोठे थांबायची हे वरून ठरते. इंधन सरकारी, टायर सरकारी. निघण्यापूर्वी गाडीची तपासणी करणे हा कर्तव्याचाच भाग. तेथे किलोमीटरला प्रयोजन असते, किंमत नसते. केडगावच्या वळणावर उभ्या असलेल्या ट्रकचा प्रत्येक किलोमीटर रुपयांत मोजलेला असतो. कर्जाचा हप्ता, विमा, पासिंग, परमिट, टोल, हमाली, दलालाचे कमिशन हे सारे वजा जाऊन उरेल ते आपले. कांदा बंगळूरला उतरला की परतीचे भाडे शोधायचे. मिळाले नाही तर रिकामी गाडी आणावी लागते आणि जातानाची कमाई येताना डिझेलमध्ये जाते. माल उतरवून घ्यायला व्यापाऱ्याने दोन दिवस लावले, तर त्या दोन दिवसांचा जाब कोणाला विचारायचा? सैन्यात वरिष्ठ असतो. येथे फक्त गिऱ्हाईक असते, आणि त्याला जाब विचारला तर पुढचे भाडे दुसऱ्याला जाते. आज्ञा पाळण्यात वाकबगार झालेल्या माणसाला घासाघीस करायची असते, आणि ती कोणत्याही छावणीत शिकवली जात नाही.

सरकारने मदत केली नाही असे नाही. लष्करातून बाद झालेली ‘वर्ग पाच-ब’ची मोटारगाडी माजी सैनिकांना देण्याची योजना आहे. १९४५ नंतरच्या डिस्पोजलचे हे सुधारलेले रूप. मात्र येथेही हाती पडते ती गाडीच. याहून शहाणी वाटते ती कोळसा वाहतुकीची योजना. पुनर्वसन महासंचालनालयाच्या पुढाकाराने माजी सैनिकांच्या कंपन्या स्थापन झाल्या आणि त्यांना कोल इंडियाच्या उपकंपन्यांच्या खाणींत कोळसा भरण्याचे व वाहण्याचे काम मिळाले. तेथे दर कराराने ठरतो आणि काम नेमलेले असते. बाजाराशी एकट्याने झुंजण्याऐवजी जवान पुन्हा एका तुकडीचा भाग होतो. हुंडेकऱ्याची जोखीम तेथे कंपनी पेलते.

या स्थित्यंतरात गमावणारा केवळ जवान नाही. तपासणीशिवाय गाडी न काढणे, वेळेवर विश्रांती घेणे, नोंद ठेवणे या त्याच्या सवयींचीच मालवाहतुकीला सर्वांत जास्त गरज आहे; आणि हप्त्याच्या ओझ्याखाली याच सवयी आधी सुटतात. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली, पण ती पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. आपला धंदा मोठ्या प्रमाणावर एक-दोन गाड्यांच्या मालकांचा. जो स्वतःच मालक आणि स्वतःच चालक, त्याला ‘आता थांब’ असे सांगणारे कोणी नव्हते. सैन्यात हे सांगणारा होता.

म्हणून भिंगारहून केडगावला येणाऱ्याला परवान्याबरोबर आणखी दोन गोष्टी मिळावयास हव्यात : भाड्याचा हिशेब निवृत्तीपूर्वीच शिकवणारे कोणी तरी, आणि एकट्या गाडीऐवजी चार गाड्यांची सहकारी संस्था. सहकार नगर जिल्ह्याला शिकवावा लागत नाही. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले ते याच जिल्ह्यात. ऊस पिकवणाऱ्याने बाजारापुढे एकट्याने उभे राहू नये, हे येथे पाऊणशे वर्षांपूर्वी उमगले. ट्रक चालवणाऱ्याच्या बाबतीत ते अजून उमगायचे आहे.