सोनोग्राफीच्या खोलीतील ‘फॉर्म एफ’ कोठून आला?

बंगळुरूतील मारतहळ्ळी असो, पुण्यातील हडपसर असो किंवा कोल्हापूर, नोंदणीकृत सोनोग्राफी केंद्राच्या दर्शनी भागात एक फलक असावाच लागतो. येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही आणि तसे करणे हा गुन्हा आहे, अशा आशयाचा मजकूर त्यावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत असतो. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून मारतहळ्ळीच्या परिसरात स्थायिक झालेल्या कुटुंबाला तो कन्नडमध्ये दिसतो, एवढाच फरक. गर्भवती स्त्रीची तपासणी असेल तर ‘फॉर्म एफ’ नावाचा अर्ज भरला जातो. त्यात पूर्वीच्या अपत्यांची संख्या व लिंग, तपासणीचे वैद्यकीय कारण आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांचे नाव असते. ‘गर्भाचे लिंग जाणून घेण्याची माझी इच्छा नाही’ अशा आशयाच्या निवेदनावर स्त्रीची सही घेतली जाते. अनेकांना ही निव्वळ कागदोपत्री कटकट वाटते. परंतु या अर्जामागे चार दशकांचा इतिहास आहे आणि त्यातील मोठा भाग महाराष्ट्रात घडला आहे.

सोनोग्राफीचा जन्म स्त्रियांच्या उपचारासाठीच झाला. १९५५ मध्ये ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी एक वेगळाच प्रयोग केला. कारखान्यात धातूमधील दोष शोधण्यासाठी वापरले जाणारे ध्वनियंत्र त्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींवर लावून पाहिले. घन गाठ आणि द्रवाने भरलेली गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे येतात, हे त्यांच्या लक्षात आले. पुढे एका स्त्रीला पोटाचा असाध्य कर्करोग असल्याचे निदान झाले होते. ध्वनिलहरींनी तपासल्यावर ती अंडाशयातील द्रवाची मोठी गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली आणि ती स्त्री वाचली. जॉन मॅकव्हिकर आणि अभियंता टॉम ब्राऊन यांच्यासह डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. गर्भावस्थेतील क्ष-किरण तपासणी आणि बालकांमधील कर्करोग यांचा संबंध अॅलिस स्टुअर्ट यांनी याच सुमारास दाखवून दिला होता. त्यामुळे किरणोत्साराविना गर्भ पाहता येणे ही मोठीच उपलब्धी ठरली.

भारतात गर्भलिंगनिदानाची सुरुवात सोनोग्राफीने झाली नाही. १९७०च्या दशकात गर्भातील आनुवंशिक दोष शोधण्यासाठी गर्भजलचिकित्सा आली. तिचा वापर मुलगी नाकारण्यासाठी होऊ लागल्यावर केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत त्यास मनाई केली, पण खासगी दवाखाने मोकळेच राहिले. हुंड्याच्या खर्चापेक्षा चाचणीचा खर्च कमी, असे सुचवणाऱ्या जाहिराती उघडपणे झळकत होत्या. राज्य सरकारच्या सांगण्यावरून डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६ च्या सुमारास मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांपैकी ४२ जण लिंगनिदानासाठी गर्भजलचिकित्सा करीत असल्याचे आढळले. मुंबईत स्त्री-संघटना, डॉक्टर, वकील व विज्ञानकार्यकर्ते एकत्र आले आणि त्यांनी लिंगनिदानविरोधी मंच उभारला. या आंदोलनाच्या रेट्याने १९८८ मध्ये महाराष्ट्राने प्रसूतिपूर्व निदानतंत्रांच्या वापराचे नियमन करणारा कायदा केला. देशातील असा तो पहिला कायदा होय.

संसदेने १९९४ मध्ये केंद्रीय कायदा संमत केला आणि १ जानेवारी १९९६ पासून तो अमलात आला. मात्र तोपर्यंत तंत्र बदलले होते. गर्भजलचिकित्सेत सुई टोचावी लागे आणि अहवालासाठी थांबावे लागे. सोनोग्राफीत पोटावर जेल लावून प्रोब फिरवला की चित्र समोर येई आणि लिंग सांगितल्याचा कोणताही कागद मागे राहत नसे. शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ होती. २००१ मध्ये ती ९१३ वर आली आणि २०११ मध्ये ८९४ वर. ऊसपट्ट्यातील सधन कोल्हापूर जिल्ह्यात २००१ चा आकडा ८३९ होता. गरिबी वा निरक्षरता हेच या प्रश्नाचे मूळ आहे, हा समज या आकड्याने खोटा ठरवला.

कायदा कागदावरच राहिला, या तक्रारीसह ‘सेहत’ ही संस्था, पुण्याची ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयाने राज्यांना केंद्रांची नोंदणी करण्याचे आदेश दिले आणि यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांकडून खरेदीदारांची माहिती मागवली. २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. आज तो ‘पीसीपीएनडीटी’ या नावाने ओळखला जातो. पुढे कोल्हापूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी आणि साहित्यिक लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे नोंद ठेवणारे उपकरण जोडण्याचा आणि फॉर्म एफ ऑनलाइन भरण्याचा उपक्रम राबवला. त्याला आव्हान देण्यात आले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो योग्य ठरवला.

डॉक्टरांच्या बाजूनेही आक्षेप आले. अर्जातील एखादा रकाना रिकामा राहिला तर प्रामाणिक डॉक्टरावरही फौजदारी खटला भरला जातो, अशी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये ती फेटाळली. लिंगनिदान बंद खोलीत तोंडी होते, म्हणून अचूक नोंद हाच कायद्याच्या अंमलबजावणीचा कणा आहे, असा त्या निकालाचा आशय होता. तरीही एक अडचण खरी आहे. सहज हलवता येणाऱ्या यंत्रांवरील निर्बंधांमुळे दुर्गम भागात ही उपयुक्त तपासणी नेणे कठीण होते. गैरवापर रोखणे आणि सेवा पोहोचवणे यांचा मेळ अजून पुरता बसलेला नाही.

निर्बंध का टिकून आहेत, याचे उत्तर २०२३ च्या अखेरीस बंगळुरूतच मिळाले. मारतहळ्ळीपासून फार दूर नसलेल्या बैयप्पनहळ्ळीच्या पोलिसांनी गर्भलिंगनिदान व गर्भपात करणारी टोळी उघडकीस आणली. मंड्या जिल्ह्यातील एका गुऱ्हाळात सोनोग्राफी केली जात असल्याचे तपासात पुढे आले. तिथे ना फलक होता, ना अर्ज, ना वैद्यकीय अहवाल.

हा इतिहास लक्षात घेतला की रुग्णाने काय जाणून घ्यावे, हे स्पष्ट होते. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या, साधारणपणे दर सेकंदाला २० लाख ते दीड कोटी कंपनांच्या ध्वनिलहरी वापरल्या जातात. निदानासाठी योग्य प्रकारे वापरलेल्या या लहरींनी गर्भाला अपाय होतो, असा पुरावा आजवर मिळालेला नाही. तरीही गरजेपुरतीच आणि गरजेइतकाच वेळ तपासणी करावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या शिफारशींत २४ आठवड्यांपूर्वी किमान एक सोनोग्राफी सुचवली आहे. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यानच्या तपासणीत गर्भाचे वय आणि काही गुणसूत्रीय दोषांची शक्यता कळते. १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान अवयवांची रचना पाहिली जाते. मात्र सर्वच दोष दिसतात असे नाही. ‘सर्वसाधारण’ अहवाल म्हणजे हमीपत्र नव्हे.

पोटाच्या तपासणीपूर्वी उपाशी राहण्यास किंवा लघवी रोखून येण्यास सांगितले जाते, तेही सकारण असते. आतड्यातील वायू ध्वनिलहरी अडवतो, तर भरलेले मूत्राशय त्यांना वाट करून देते. जेलमुळे प्रोब आणि त्वचा यांमधील हवा निघून जाते. गर्भवती नसलेल्या रुग्णाच्या पोटाच्या वा मानेच्या तपासणीसाठी फॉर्म एफ लागत नाही.

केंद्राचे नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असले पाहिजे आणि कायद्याची प्रतही तेथे उपलब्ध असली पाहिजे. गर्भवतीची नोंद केंद्राला किमान दोन वर्षे जपावी लागते. लिंगनिदानासाठी स्त्रीवर जबरदस्ती झाली, तर कायदा तिच्याकडे गुन्हेगार म्हणून पाहत नाही. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत पती वा नातेवाइकांनी तिला भाग पाडले असेच न्यायालय गृहीत धरते. गर्भाचे ठोके, वाढ, वारेची जागा, गर्भजलाचे प्रमाण, दिसलेला दोष यांविषयी विचारण्याचा आणि समजेल अशा भाषेत उत्तर मिळवण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. डॉक्टर मौन पाळतात ते केवळ एका प्रश्नावर. ‘मुलगा की मुलगी’ याचे उत्तर शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही मार्गाने देण्यास कायद्याने मनाई आहे.