छातीतील वेदनेची नावे
चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात एक विवेचन

रोग्याला वेदना होते. वैद्यापर्यंत पोहोचते ते तिचे वर्णन. हे वर्णन ज्या शब्दांत केले जाते ते रोग्याने घडविलेले नसतात. ते त्याला भाषेकडून वारशाने मिळालेले असतात, आणि प्रत्येक शब्दाबरोबर वेदनेच्या कारणाविषयीची एक कल्पनाही येते. छातीतील वेदनेच्या बाबतीत या वारशाचे महत्त्व विशेष आहे. कारण येथे शब्दाची निवड चुकली तर एकतर व्यर्थ भय उत्पन्न होते, किंवा वेळेवर उपाय होत नाही. हृदयावरील ‘ॲब्लेशन’ या अलीकडच्या उपचारानंतर, बरे होण्याच्या काळात जी वेदना होते, तिच्यासंबंधी हा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे.

‘हृद्रोग’ हा शब्द ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील सूर्यसूक्तात येतो. चरकसंहितेत हृद्रोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत, तर सुश्रुताच्या उत्तरतंत्रात ‘हृच्छूल’ या विकाराचे वर्णन असून श्वासाचा अवरोध हे त्याचे लक्षण मानले आहे. ‘शूल’ म्हणजे टोकदार शस्त्र. अर्थात या नावात वेदना भोसकणारी आहे. इंग्लंडात विल्यम हेबर्डेन याने 1768 साली लंडनच्या वैद्यमंडळापुढे वाचलेल्या आणि 1772 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात छातीच्या एका विकाराचे वर्णन केले. चालताना, विशेषतः चढ चढताना वेदना उद्भवते आणि उभे राहताच थांबते, हे त्याचे निरीक्षण. त्याने योजलेल्या ‘अँजायना’ या लॅटिन शब्दात गळा आवळला जाण्याची कल्पना आहे. एका परंपरेने टोचणीवरून नाव दिले, दुसरीने आवळण्यावरून. पुढे दिसून येईल की, हा भेद केवळ शब्दांचा नाही.

मराठीत या दोन्ही कल्पनांसाठी शब्द आहेत. ‘चमक’, ‘कळ’, ‘टोचणी’, ‘उसण’ हे शब्द एका बाजूचे. ‘दडपण’, ‘भार’, ‘कोंडल्यासारखे होणे’ हे दुसऱ्या बाजूचे. ‘धडधड’ आणि ‘जळजळ’ यांची जागा आणखी निराळी. तथापि वेदनेचे स्थान सांगताना मात्र बोलणाऱ्याची भाषा संदिग्ध होते. ‘काळीज’ हा शब्द यकृत आणि हृदय या दोन्ही अर्थांनी चालत आला आहे, आणि ‘छाती’ ही धैर्याचीही वाचक आहे. छातीचा माणूस छातीत दुखते असे सहसा चारचौघांत सांगत नाही. गेल्या काही दशकांत वृत्तपत्रांनी रूढ केलेल्या ‘हृदयविकाराचा झटका’ या प्रयोगाने हा सारा शब्दसंग्रह मागे सारला. परिणामी छातीत काही झाले की मनात पहिला शब्द ‘झटका’ हाच येतो.

नावाचा आणि उपचाराचा संबंध किती निकट असतो याचे उत्तम उदाहरण गडचिरोलीतच सापडते. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा निर्माण झाला. मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी अशा अनेक भाषा येथे नांदतात. 1986 मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी येथे ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. बालकांच्या न्यूमोनियावर काम करताना या संस्थेने ‘लहक’ आणि ‘डब्बा’ हे लोकांच्याच तोंडचे शब्द हाताशी घेतले. मुलाची धाप आणि फासळ्यांखाली पडणारा खळगा आईला आधीपासून दिसत होताच. त्या दिसण्याला औषधाशी जोडणे एवढेच उरले होते. निरक्षर सुइणींनाही मण्यांच्या साह्याने श्वास मोजण्यास शिकविण्यात आले. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाच्या निष्कर्षांनुसार, 58 गावांच्या प्रयोगक्षेत्रात न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी 8.1, तर 44 गावांच्या तुलनाक्षेत्रात हजारी 17.5 होते. हे यश औषधाचे खरे. परंतु औषधापर्यंतची वाट परिचित शब्दांनी सोपी केली हेही तितकेच खरे.

पुढे 1995 मध्ये स्वतः डॉ. बंग यांना वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षी हृदयविकाराने गाठले. या अनुभवावर त्यांनी लिहिलेले ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर वाचले गेले. आहार, व्यायाम, योग, ध्यान आणि मृत्यूचे भय यांचा त्यात विचार आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे की, बरे होण्याचा काळ हा स्वतंत्र वर्णनाचा विषय होऊ शकतो, हे मराठी वाचकाला त्यातून दिसले. तथापि तो विकार रक्तवाहिन्यांचा होता. ॲब्लेशनचा संबंध हृदयाच्या विद्युत्प्रवाहाशी येतो, आणि या दोहोंतील वेदना एक नव्हेत.

या उपचाराचा इतिहास अल्प आहे. 1968 मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात शल्यवैद्य सीली यांनी छाती उघडून हृदयातील एक जादा विद्युत्मार्ग छेदला. 1982 मध्ये मेल्विन शाइनमन यांनी शिरेतून नेलेल्या तारेद्वारे विजेचा धक्का देऊन, छाती न उघडता, असाच परिणाम साधला. त्या दशकाच्या अखेरीस धक्क्याची जागा उच्च कंपनाच्या विद्युल्लहरींनी निर्माण होणाऱ्या नियंत्रित उष्णतेने घेतली. 1998 मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील हाइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, अलिंदाच्या अनियमित कंपनाचा उगम पुष्कळदा फुप्फुसशिरांच्या मुखाशी असतो. तेव्हापासून या उपचाराचा प्रसार झपाट्याने झाला.

मराठीत या क्रियेला सर्वांत जवळचा शब्द ‘डागणे’ हा होय. सुश्रुताने सूत्रस्थानात अग्निकर्मासाठी स्वतंत्र अध्याय दिला आहे, आणि ‘डाग देणे’ हा प्रयोग खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक आहे. दुखऱ्या जागी बाहेरून डाग देण्याची जुनी रीत अपायकारक म्हणून त्याज्यच आहे. परंतु त्या शब्दातील अनुभव येथे उपयोगी पडतो. डागलेली जागा दुखते, सुजते आणि मग भरून येते, हे सांगावे लागत नाही. ॲब्लेशनमध्ये हृदयाच्या भिंतीवर काही मिलिमीटरचे डाग उमटतात. तेथील दाह हृदयावरणापर्यंत पोहोचला म्हणजे छातीत चमक येते. ही चमक खोल श्वास घेताना व उताणे निजताना वाढते, पुढे वाकून बसले असता कमी होते, आणि सामान्यतः काही दिवसांत, फार तर एकदोन आठवड्यांत ओसरते. हृदयाचे ठोके मधूनमधून चुकणेही आरंभीच्या आठवड्यांत आढळते. 2024 च्या आंतरराष्ट्रीय मतैक्यपत्राने या संक्रमणकाळाची मर्यादा आठ आठवडे धरली आहे. अशा धडधडीवरून उपचार फसला असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

‘दडपण’ या शब्दाचा प्रांत मात्र वेगळा. भार पडल्यासारखे वाटणे, वेदना हातात किंवा जबड्यात उतरणे, घाम सुटणे, श्वास अपुरा पडणे, घेरी येणे, यांपैकी काहीही झाल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे लागते. याखेरीज एक विरळ परंतु प्राणघातक उपद्रव 2004 पासून वैद्यकीय वाङ्मयात नोंदला गेला आहे. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या अलिंदाला अगदी लागून जाते. उष्णतेने तिला इजा झाली तर काही आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांपर्यंतही, दोहोंमध्ये छिद्र पडू शकते. ताप, गिळताना वेदना, रक्ताची उलटी किंवा एका अंगाची एकाएकी आलेली दुर्बलता ही त्याची चिन्हे होत. अशा वेळी घशातून दुर्बीण घालून केलेली तपासणीही घातक ठरू शकते. म्हणून ‘ॲब्लेशन झाले आहे’ हे वाक्य रोग्याने किंवा त्याच्या माणसांनी प्रथम उच्चारणे आवश्यक असते. रक्त पातळ ठेवणारी औषधे साधारणतः किमान दोन महिने चालू असतात. त्यांबरोबर मनाने घेतलेली वेदनाशामके रक्तस्रावाला कारण होतात.

शहरात हा शब्दविवेक सोयीचा असतो. अरण्यप्रदेशात तो अनिवार्य होतो. गडचिरोली जिल्ह्याचा विस्तार सुमारे 14,412 चौरस किलोमीटर असून त्याचा बहुतांश भाग वनव्याप्त आहे. नागपूरहून गडचिरोली सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, आणि भामरागड त्याहूनही कितीतरी पुढे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले की भामरागडचा मार्ग बंद होतो. 1973 पासून हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाने, 2014 पासून ‘108’ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांनी आणि 2015 मध्ये चंद्रपूरला सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने अंतर काहीसे कमी केले आहे. तरीही दूरच्या शहरात उपचार घेऊन श्रावणात गावी परतलेल्या रोग्याला मध्यरात्री छातीत काही झाले, तर पहिला निर्णय घरातच घ्यावा लागतो. बहुधा दूरध्वनीवरूनच तो वैद्याशी बोलणार; तेथे नाडी पाहता येत नाही, शब्दच ऐकता येतात. ‘झटका’ या एका शब्दाने तो काहीच सांगत नाही. ‘श्वास घेताना चमकते, वाकून बसलो की बरे वाटते’ या वाक्याने पुष्कळ सांगतो. ‘दडपण आहे आणि घाम फुटला आहे’ या वाक्याने त्याहूनही तातडीचे. दुखणे कोणत्याही वर्णनात बसत नसेल, तर ते धोक्याचे मानून चालणेच इष्ट.

यावरून असे दिसते की, या नव्या वेदनेसाठी मराठीला नवी परिभाषा घडविण्याची निकड नाही. जी आहे ती विस्मरणात जाऊ न देणे हे काम आहे. रुग्णालयातून निघताना रोग्याच्या हाती जो कागद दिला जातो, त्यावर चमक आणि दडपण, डाग आणि दाह हे शब्द असावेत. आणि जेथे घरची बोली माडिया वा तेलुगू आहे तेथे त्या बोलीतील तशीच शब्दांची जोडी शोधून ती लिहिली जावी. बालकांच्या न्यूमोनियाच्या बाबतीत गडचिरोलीने हे एकदा करून दाखविले आहे. प्रौढांच्या हृदयाच्या बाबतीत हे संकलन व्हावयाचे आहे, आणि त्यात भाषाभ्यासकाचा वाटा वैद्याइतकाच आहे.