थांबण्याची किल्ली

चालून चालून कुठेच न पोचणाऱ्याला आपण घाण्याचा बैल म्हणतो. ट्रेडमिलचा इतिहास वाचताना मला हा शब्द पुन्हा पुन्हा आठवत राहिला, कारण घराघरांत पोचण्याआधी हे यंत्र जवळजवळ ८० वर्षे तुरुंगात होते.

विल्यम क्युबिट हा इंग्लंडमधल्या नॉरफक परगण्यातल्या गिरणीवाल्याचा मुलगा. पुढे तो नामांकित इंजिनीयर झाला. १८१८च्या सुमारास त्याने कैद्यांसाठी एक मोठे चाक आखले. चाकाच्या परिघावर पायऱ्या असत. कैद्याने कठडा धरून पायरी चढायची, की ती पायाखालून खाली जायची आणि पुढची समोर यायची. कधी न संपणारा जिनाच तो. १८२१मध्ये ब्रिक्स्टनच्या तुरुंगात असे चाक बसले आणि मग ते देशभर पसरले. काही ठिकाणी त्यावर धान्य दळत, पाणी उपसत. काही ठिकाणी ते नुसतेच वाऱ्यावर फिरे. शेजारच्याशी बोलता येऊ नये म्हणून अनेक तुरुंगांत मधे फळ्या ठोकलेल्या असत. १८९५मध्ये दोन वर्षांची सक्तमजुरी झालेला ऑस्कर वाइल्डही हे चाक चढला. १८९८च्या तुरुंग कायद्यानंतर ते इंग्लंडमधून नाहीसे होत गेले.

माणसाला यंत्राला जुंपण्याची कल्पना मात्र त्याबरोबर संपली नाही. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये विसाव्या शतकातही राजबंद्यांना बैलाच्या जागी कोलू ओढावा लागे. सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मुळे मराठी वाचकाला तो ठाऊक आहे. क्युबिटचे चाक आणि अंदमानचा कोलू ही यंत्रे वेगळी, पण दोन्हींतला जाच एकाच ठिकाणाहून येत होता. किती वेळ, किती वेगाने आणि कधी थांबायचे, हे चालणाऱ्याच्या हाती नव्हते.

हेच यंत्र दवाखान्यात आले तेव्हा नेमका हा भाग बदलला. सिएटलचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३मध्ये मांडलेली चाचणी आज जगभर वापरली जाते. सुरुवात ताशी सुमारे २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढ यांनी होते. दर ३ मिनिटांनी दोन्ही वाढत जातात आणि छातीवरच्या तारा हृदयाचा आलेख काढत राहतात. इथे रुग्णाने ‘आता पुरे’ म्हटले की पट्टा थांबतो, आणि तो कुठवर चालू शकला हीच डॉक्टरांना हवी असलेली माहिती असते.

घरात ट्रेडमिल आणण्याचे श्रेय बऱ्याच अंशी विल्यम स्टॉब या अमेरिकन मेकॅनिकल इंजिनीयरचे. केनेथ कूपर यांचे १९६८चे ‘एरोबिक्स’ वाचून त्यांना वाटले की सामान्य माणसाला परवडेल असे यंत्र हवे. त्यांनी ‘पेसमास्टर ६००’ बनवले. आता माणूस चाक फिरवत नव्हता. विजेवर फिरणारा पट्टा माणसाला चालवत होता.

मी दिल्लीत राहते. गेल्या वर्षी ब्रूस यांच्या चाचणीतून मीही गेले. डॉक्टरांनी रोज ४० मिनिटे चालायला सांगितले, आणि नोव्हेंबरात धुराचे दिवस सुरू होताच त्यांनीच बाहेर चालायला मनाई केली. म्हणून घरासाठी यंत्र शोधू लागले. दुकानदार मोटरचे आकडे सांगत होता, पडद्यावरची गाणी दाखवत होता. हा इतिहास डोक्यात असल्यामुळे माझा पहिला प्रश्न वेगळा होता : हे थांबवायचे कसे?

प्रत्येक चांगल्या यंत्राला एक लाल किल्ली असते. तिची दोरी कपड्याला अडकवायची. पाय घसरला की किल्ली निघते आणि पट्टा थांबतो. हृदयाच्या रुग्णाने आणि लहान मुले असलेल्या घराने हे दुकानातच दोन-तीनदा करून पाहावे. किल्ली काढून ठेवली की यंत्र सुरू होता कामा नये, कारण फिरत्या पट्ट्यात मुलांची बोटे सापडतात. बिनकठड्याचे चपटे ‘वॉकिंग पॅड’ स्वस्त आणि आटोपशीर असते, पण तोल जाण्याची भीती असलेल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

मग बाकीचे. मोटरची ‘पीक’ शक्ती म्हणजे क्षणभराची उडी. विचारायची ती सलग चालतानाची. नुसते चालायचे असेल तर १२० सेंटिमीटर लांबीचा पट्टा बहुतेकांना पुरतो, धावायचे असेल तर १४०च्या आसपास हवा. वजनाची मर्यादा आपल्या वजनापेक्षा चांगली १५-२० किलो जास्त असावी. पडलो तर भिंतीवर आदळू नये म्हणून मागे दोनेक मीटर जागा मोकळी राहील का, हे घरी टेप लावून मोजावे. अर्थिंग असलेला स्वतंत्र मोठा प्लग लागतो आणि बहुतेक यंत्रांच्या पट्ट्याखाली अधूनमधून सिलिकॉन तेल घालावे लागते.

चढ देणारे यंत्र महाग पडले, तरी मी तेच घेतले. गुडघे सांभाळून, वेग न वाढवता हृदयाला काम देता येते. क्युबिटच्या चाकावर सारे काम चढण्याचेच होते. माझ्याकडे तो चढ आता २ टक्के आहे, आणि तो ३ कधी करायचा हे मी आणि माझे डॉक्टर ठरवतो.